ईमेल विपणन यादीचे व्यवस्थापन

ग्राहक, वाचक, देणगीदार किंवा सभासद यांना एकगठ्ठा ईमेल पाठवण्यासाठी त्यांचे पत्ते जमवणे, पडताळणे, अद्ययावत ठेवणे आणि वेळच्या वेळी वगळणे, या अखंड चालणाऱ्या कामाला ईमेल यादीचे व्यवस्थापन म्हणतात. त्याचा पाया संमती हा आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटपूर्व संगणक-जाळ्याच्या सुमारे ४०० वापरकर्त्यांना संगणकाची जाहिरात पाठवली, तेव्हा पत्ते छापील निर्देशिकेतून उचललेले होते. त्यावर लगेच तक्रारी आल्या.

संमती घेण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे दुहेरी पुष्टी. नाव नोंदवणाऱ्याला आधी एक ईमेल जातो आणि त्यातील दुव्यावर त्याने स्वतः टिचकी मारल्यावरच पत्ता यादीत येतो. प्रदर्शनातील स्टॉलवरच्या वहीत घाईघाईने लिहिलेला पत्ता टंकताना ‘जीमेल’चे एक अक्षर जरी चुकले, तरी ईमेल भलत्याकडेच जातो; पुष्टीच्या टप्प्यावर अशी चूक आपोआप गळून पडते. नोंदणीच्या अर्जात आधीच खूण केलेली चौकट युरोपीय संघात संमती मानली जात नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, अशी तरतूद आहे; संमतीची विनंती मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोयही त्यात सांगितली आहे.

विकत घेतलेली यादी हा या क्षेत्रातील सर्वांत घातक प्रकार होय. तिच्यात अनेकदा सापळा-पत्ते असतात: काही कधीच कोणा माणसाचे नसतात, तर काही मालकाने सोडून दिल्यावर सेवादात्याने पुन्हा जागे केलेले असतात. अशा पत्त्यावर ईमेल पोहोचला की पाठवणाऱ्याची यादी बेफिकिरीने जमवलेली किंवा सांभाळलेली आहे हे उघड होते, त्याचे नाव काळ्या यादीत जाऊ शकते, आणि मग स्वखुशीने नाव नोंदवलेल्यांनाही त्याचे ईमेल मिळेनासे होतात. न पोहोचता परत येणाऱ्या ईमेलकडे दुर्लक्ष केल्यानेही हेच घडते. समोरच्या सर्व्हरने दिलेल्या उत्तराचा सांकेतिक क्रमांक ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा असतो, आणि पत्ता अस्तित्वातच नसल्याचे त्यात म्हटले असेल तर तो तत्काळ काढावा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असून पुन्हा प्रयत्न करता येतो.

बाहेर पडण्याचा दुवा फिकट, बारीक अक्षरांत दडवणे किंवा त्यासाठी पासवर्ड मागणे हा वाचकाचा अनादर आहे. वाट सापडली नाही की वाचक ‘स्पॅम’चे बटण दाबतो. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांसाठी गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते आणि जाहिरातीच्या ईमेलमधून एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने बाहेर पडण्याची विनंती अमलात आणण्यास कामकाजाचे १० दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात ते त्याच क्षणी व्हायला हवे.

बाहेर पडलेल्याचा पत्ता नुसता पुसून टाकणे मात्र पुरेसे नाही. महिन्याभराने कोणीतरी जुनी एक्सेल फाइल पुन्हा चढवतो आणि ती व्यक्ती नकळत यादीत परतते. म्हणून असे पत्ते स्वतंत्र वर्ज्य यादीत ठेवतात आणि दर वेळी ईमेल पाठवण्यापूर्वी मुख्य यादी तिच्याशी ताडून पाहतात.