उन्हात हरितद्रव्य जळतं, हे खरं नाही

‘ऊन चढलं की पानातलं हरितद्रव्य जळतं, म्हणून प्रकाशसंश्लेषण थांबतं’ हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो आहे. ते चुकीचं आहे. उष्णतेने प्रकाशसंश्लेषण मंदावतं तेव्हा पान बहुतेकदा हिरवंगारच असतं.

आधी कच खातात ती प्रथिनं. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को ५० अंशांच्या आसपासही टिकतं, पण त्याला कार्यक्षम ठेवणारं रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज गव्हासारख्या पिकांत त्याच्या बरंच आधी ढेपाळतं. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारी यंत्रणाही नाजूक असते. तिच्या गाभ्यात मँगॅनीजचे ४ अणू आणि कॅल्शियमचा १ असतो. जास्त उष्णतेत मँगॅनीज निसटतं आणि काम थांबतं.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, हे कोणत्या तापमानाला होईल याचा आकडा ठरलेला नाही. पाणी फोडणारी यंत्रणा पानातल्या पातळ पडद्यांत, म्हणजे पटलांत बसलेली असते. पालकाच्या पानांतून वेगळ्या काढलेल्या अशा पटलांतले क्लोराइड आयन काढून घेतले, तर ही यंत्रणा कमी तापमानालाच मोडते. उलट ग्लायसीन बीटेन नावाचं संयुग मिसळलं, तर ती अधिक उष्णता सोसते. पालकाची पानं हा पदार्थ स्वतःही बनवतात, विशेषतः खारट जमिनीत.