विष घेतलं म्हणून जेल होत नाही

‘खरं सांगू नका, केस व्हई जाई.’ घरात कुणी कपाशीचं औषध प्यायलं की जळगाव-धुळ्याकडच्या गावांत हा सल्ला हमखास मिळतो. मग दवाखान्यात सांगतात, ‘फवारताना तोंडात गेलं.’

भीती अगदीच हवेतली नव्हती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद होती. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं (उलट सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी), खटला भरायचा नाही. उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ उरलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे, कलम २२६.

पोलीस जबाब घ्यायला येतात, हे खरं. जबाब म्हणजे गुन्हा नव्हे. ‘मिटवून देतो’ म्हणत पैसे मागणारा भेटला तर त्याला वाटेला लावा.

खोटं बोलण्याचा फटका बसतो तो रोग्याला. औषध कोणतं, किती, कधी घेतलं, यावर उपचार ठरतात. घाबरून बांधापलीकडे फेकलेला डबा शोधा, लेबलसकट सोबत न्या. शिवाय कागदावर ‘अपघात’ लिहिलं की मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं कुणाला सुचणार? मन खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. फोन मोफत, मराठीत बोलता येतं.