कैचीच्या प्रत्येक दांड्यात किती बल?

विदर्भातली कवेलूची छपरे कमी होत गेली, तरी त्यांच्या खालची कैची काही गेली नाही. लाकडाऐवजी लोखंडी अँगलची झालेली ही त्रिकोणी चौकट आज नागपुरात कळमना, वाडी आणि हिंगणा परिसरातल्या गोदामांवर आणि कारखान्यांच्या शेडवर दिसते. अभियंते तिला ट्रस म्हणतात. वर टिनाचे पत्रे, खाली बारीकसे अँगल आणि मध्ये एकही खांब नसलेली मोकळी जागा, हे पाहताना एवढे वजन नेमके कोणत्या दांड्यातून आणि किती प्रमाणात भिंतीपर्यंत पोहोचते, हा प्रश्न मनात यायला हवा. त्याचे उत्तर शाळेतल्या गणिताने, कागद-पेन्सिल घेऊन काढता येते.

सगळा आधार एकाच गोष्टीचा आहे: कैची स्थिर आहे. जी वस्तू सरकत नाही, खचत नाही आणि फिरत नाही, तिच्यावरची आडवी बले एकमेकांना खोडतात, उभी बलेही खोडतात आणि कोणत्याही बिंदूभोवती तिला फिरवू पाहणारे बलाघूर्ण, म्हणजे बल गुणिले अंतर, यांची बेरीज शून्य येते. ही अट पूर्ण कैचीला लागू आहे, तशीच तिच्या प्रत्येक सांध्यालाही स्वतंत्रपणे लागू आहे. हिशेबाची सोय म्हणून सांधे बिजागरीसारखे आहेत आणि भार फक्त सांध्यांवरच येतो, असे धरतात. मग प्रत्येक दांड्यावर केवळ दोन टोकांनाच बल लागते, आणि ही दोन बले दांड्याच्याच रेषेत नसतील तर तो गरकन फिरेल. म्हणून दांडा एक तर ताणला जातो किंवा दाबला जातो. प्रत्यक्षातले सांधे पट्टी लावून वेल्ड केलेले असतात, तरीही दांडे सडपातळ असल्यामुळे हे गृहीतक चांगले लागू पडते.

आता 8 मीटर रुंदीच्या शेडची साधी कैची घेऊ. मधली उंची 3 मीटर आहे, त्यामुळे 3-4-5 च्या काटकोन त्रिकोणाने प्रत्येक तिरपा दांडा 5 मीटरचा होतो. खाली आडवा दांडा आहे आणि त्याच्या मध्यापासून शेंड्यापर्यंत एक उभा दांडा आहे. पत्र्यांचा भार म्हणून शेंड्यावर 12 किलोन्यूटन धरू (1 किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने 100 किलोचे वजन), आणि खालच्या मधल्या सांध्याला चेनपुलीने 3 किलोन्यूटनचे ओझे टांगू. एकूण भार 15 किलोन्यूटन झाला. डाव्या टेकूभोवती बलाघूर्ण मांडले तर 15 गुणिले 4 बरोबर उजवा आधार गुणिले 8, म्हणजे उजवी भिंत 7.5 किलोन्यूटन उचलते आणि उरलेले 7.5 डावीकडे जाते.

आता डावा टेकू जवळून पाहू. भिंत त्या सांध्याला 7.5 ने वर ढकलते. तिथे मिळणाऱ्या दोन दांड्यांपैकी खालचा अगदी आडवा असल्याने तो उभ्या दिशेने काहीच देऊ शकत नाही. ते काम एकट्या तिरप्याचे. तिरप्याच्या बलाचा 3/5 हिस्सा उभा असतो, म्हणून त्यातला दाब 7.5 गुणिले 5/3, म्हणजे 12.5 किलोन्यूटन आला. याच दाबाचा 4/5 आडवा हिस्सा, म्हणजे 10 किलोन्यूटन, सांध्याला बाहेर रेटतो आणि खालचा दांडा तेवढ्याच ताणाने त्याला आत ओढून धरतो. हा दांडा कापला तर तो रेटा थेट भिंतीवर जातो आणि भिंती बाहेर फाकू लागतात. डोक्याला लागतो म्हणून खालचा अँगल काढून टाकण्याचा मोह किती घातक आहे, हे या एका आकड्यावरून कळते.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो मधला उभा दांडा. पाहणाऱ्याला वाटते की त्यानेच शेंडा तोलून धरला आहे, पण हिशेब उलटे सांगतो. त्याच्या खालच्या सांध्यावर उभ्या दिशेची बले दोनच आहेत, टांगलेले ओझे आणि या दांड्याची ओढ. तेव्हा त्यात 3 किलोन्यूटनचा ताण आहे, म्हणजे तो शेंड्याला लटकलेला आहे. ओझे उतरवले की त्यातले बल शून्य होते. तरीही तो लागतोच, कारण 8 मीटरचा आडवा दांडा त्याच्याविना स्वतःच्या वजनाने खाली झोळतो. शेंड्यावर ताळाही जुळतो: दोन तिरपे मिळून 2 गुणिले 7.5, म्हणजे 15 वर ढकलतात, आणि खाली येणारे 12 व 3 मिळूनही 15 च होतात.

लोखंड वाचवण्यासाठी कैची चपटी करावी असे कोणाला वाटले, तर उंची 1.5 मीटर धरून हाच हिशेब पुन्हा करावा. खालच्या दांड्यातला ताण 10 वरून थेट 20 वर जातो आणि तिरप्यांतला दाब 12.5 वरून सुमारे 21.4 होतो.

बल ताणाचे की दाबाचे, हे त्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. दाबलेला लांब दांडा तुटण्याच्या बराच आधी कडेला वाकतो. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने दाखवले की लांबी दुप्पट झाली तर दांड्याला वाकवायला चौपट कमी बल पुरते. आणि वादळात ही दिशाच बदलू शकते. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर दिला आहे. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 1.16 किलोन्यूटन होतो. असा वारा हलक्या पत्र्यांना वर उचलतो. ओझे टांगलेले नसताना, पत्र्यांचे वजन वजा जाऊन शेंड्यावर 6 किलोन्यूटनची वरची ओढ उरली, तर तिरप्यांत 5 किलोन्यूटनचा ताण येतो आणि आतापर्यंत ताणलेला खालचा दांडा 4 किलोन्यूटनने दाबला जातो. आकडा लहान आहे, पण केवळ ताणासाठी निवडलेली बारीक सळई 8 मीटर लांबीत एवढ्याही दाबाने कडेला वाकून जाते. उभा दांडा तिला बाजूला जाण्यापासून अडवू शकत नाही. म्हणून शेजारशेजारच्या कैच्यांचे खालचे दांडे आडव्या अँगलने एकमेकांना बांधतात आणि कैची भिंतीला बोल्टने पक्की धरतात.

बोल्टचे एका टोकाचे भोक मात्र लांबट ठेवावे लागते. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत पत्र्याखालच्या लोखंडाचे तापमान 40 अंशांनी वाढले, तर 8 मीटरचा दांडा जवळपास 4 मिलिमीटरने लांबतो. एक टोक सरकायला मोकळे असेल तर वरच्या हिशेबातला एकही आकडा बदलत नाही.