बाईकचा सायलेन्सर बदलताय? आधी एवढं वाचा

दुकानात रोज कानावर येणारा प्रश्न: "नुसता सायलेन्सर बदलून भागेल ना, की ट्यूनिंगही (हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणं) करावं लागेल?"

फक्त मागचा डबा बदलणार असाल आणि बेंड पाईप (इंजिनातून निघणारा वाकडा पाईप) व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) कंपनीचाच राहणार असेल, तर सहसा इंजिनाला हात लावायची गरज पडत नाही. अशा कामात आम्ही ट्यूनिंगचे पैसे घेत नाही. इंदूरमध्ये दुसरीकडे कोणी मागितले, तर कशाचे ते जरूर विचारा. काही गाड्यांत कन्व्हर्टर डब्याच्या आतच असतो. तिथे डबा गेला की तोही गेला, म्हणून आम्ही आधी गाडी बघतो, मग बोलतो.

बेंड पाईपपासून डब्यापर्यंत पूर्ण सिस्टम बसवली किंवा मोकळा एअर फिल्टर टाकला, की मामला बदलतो. हवा जास्त खेचली जाते, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. हवा त्याहून फार वाढली की मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिकअप अडखळतो आणि थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) लागू झालं, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. ऑक्सिजन सेन्सर धुरावरून मिश्रण ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. त्यामुळे इंदूरच्या एबी रोडवर सावकाश चालवताना सगळं ठीक वाटतं. पण पूर्ण थ्रॉटल दिला की ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, कंपनीने भरलेल्या आकड्यांवर चालतो. नव्या हवेचा हिशोब त्या आकड्यांत नसतो. तिथे रीमॅप (ईसीयूतले आकडे बदलणं) किंवा फ्युएल कंट्रोलर (पेट्रोल वाढवणारं वेगळं यंत्र) लागतोच. कार्ब्युरेटरच्या गाडीत मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक-दोन नंबर मोठा टाकायचा आणि पायलट स्क्रू (कमी थ्रॉटलचं मिश्रण ठरवणारा) जुळवायचा.

पावसाळा संपता संपता एक मुलगा इंदूरजवळचा सिमरोलचा घाट चढून थेट आमच्याकडे आला. कार्ब्युरेटरची गाडी, बेंड पाईप निळा-जांभळा पडलेला. स्पार्क प्लग काढला तर टोक खडूसारखं पांढरं, म्हणजे मिश्रण लीन. "आवाज भारी यावा" म्हणून कोणीतरी एअरबॉक्सला (एअर फिल्टरच्या डब्याला) चार भोकं पाडून दिली होती. आम्ही एअरबॉक्स नवा टाकला, जेट बदलला, आणि आठवड्याने प्लग पाहिला तेव्हा तो भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे अगदी ठीक, होता. भोकं पाडायचं काम आम्ही करत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

फटाके वाजतात म्हणजे ट्यूनिंगच बिघडलं, असंही नाही. पुष्कळदा दोष गॅस्केटचा (पाईपच्या जोडातल्या चकतीचा) असतो. जोडातून बाहेरची हवा शिरते, सेन्सर फसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. सायलेन्सर उतरवला की गॅस्केट नवाच घाला, तो स्वस्त असतो.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. म्हणून डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज दाबणारा भाग) काढून आम्ही गाडी देत नाही, आणि कन्व्हर्टर काढलेली गाडी रस्त्यासाठी तयारही करत नाही.

येताना गाडी थंड असू द्या, म्हणजे प्लग लगेच काढता येतो. आणि कंपनीचा जुना सायलेन्सर भंगारात घालू नका, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं.