तारणाची खात्री वेगळी, तारण टिकणं वेगळं

"तुझं तारण झालंय हे तुला नक्की ठाऊक आहे का?" आणि "झालेलं तारण शेवटपर्यंत टिकेलच का?" हे दोन प्रश्न ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हातात हात घालूनच येतात (तारण म्हणजे पापापासून देवाने केलेली सुटका). त्यामुळे एकाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं, असं पुष्कळजण धरून चालतात. प्रत्यक्षात पहिला प्रश्न माणसाच्या जाणिवेचा आहे: देवाने मला क्षमा केली हे मला आज कळू शकतं का? दुसरा देवाच्या करणीचा आहे: ज्याला त्याने एकदा आपलं म्हटलं, तो शेवटपर्यंत त्याचा राहीलच का? पहिल्याला ठाम 'हो' आणि दुसऱ्याला तितकंच ठाम 'नाही' म्हणणारे लोक झाले आहेत. याच्या उलट, दुसऱ्याबद्दल कधी शंका न घेता पहिल्यापाशी जन्मभर अडखळलेलेही झाले आहेत.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली पहिल्या जातीतले. 1736 मध्ये ते अमेरिकेतल्या जॉर्जियात पोचले, तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक होते, ऑक्सफर्डचे विद्वान होते, उपासप्रार्थनेत काटेकोर होते. तिथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे एक पुढारी स्पांगेनबर्ग यांनी त्यांना विचारलं, येशू ख्रिस्ताला तुम्ही ओळखता का? तो जगाचा तारणारा आहे हे मला ठाऊक आहे, असं वेस्ली म्हणाले. खरंय, पण त्याने तुम्हाला तारलंय हे ठाऊक आहे का? यावर वेस्लींना एवढंच सुचलं, की मला तारायला तो मेला अशी मी आशा करतो. रोजनिशीत त्यांनी हा सगळा संवाद लिहिला आणि आपले शब्द पोकळच होते की काय, अशी धास्तीही नोंदवली. मग 24 मे 1738 ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात असताना त्यांना ती खात्री मिळाली: ख्रिस्ताने माझीसुद्धा पापं दूर केली. अंतःकरण कसं विलक्षण ऊबदार झालं ते त्यांनी लिहून ठेवलं, आणि वेळही लिहिली, रात्रीचे पावणेनऊ.

हा प्रसंग खूप ठिकाणी सांगितला जातो. पण हेच वेस्ली पुढे आयुष्यभर शिकवत राहिले, की खरा विश्वासणाराही विश्वासापासून ढळू शकतो आणि कायमचा नाश पावू शकतो. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला, ढळलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे हा इशारा त्यांच्या लेखी खऱ्याखुऱ्या धोक्याचा इशारा होता. त्यांची खात्री आजच्या दिवसापुरती होती. उद्याची हमी ते तिच्यातून काढत नव्हते. आणखी एक गोष्ट: सुरुवातीला ते ही जाणीव जवळजवळ सक्तीची मानत, पण नंतर त्यांनीच कबूल केलं, की ती नसतानाही माणूस देवापुढे नीतिमान ठरलेला असू शकतो. म्हणजे खात्रीचा एवढा मोठा प्रचारकसुद्धा तिला तारणाची अट म्हणायला शेवटी तयार नव्हता.

सोळाव्या शतकातले धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांच्या परंपरेतलं चित्र नेमकं उलटं आहे. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (1618–19) निर्णय दिला की देवाने निवडलेले लोक पडतील, रडतील, पण कायमचे तुटणार नाहीत, कारण राखणारा तो आहे. 1640 च्या दशकात इंग्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात तर हे दोन विषय दोन वेगळ्या अध्यायांत आहेत. सतरावा टिकून राहण्याबद्दल, अठरावा खात्रीबद्दल. आणि अठराव्यात स्पष्ट म्हटलंय, की खात्री हा विश्वासाचा अविभाज्य भाग नव्हे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळेपर्यंत दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, झगडावं लागू शकतं. तारण पक्कं असतं, ते माझं आहे हे मात्र मला कळेलच असं नाही.

याचं दुखरं उदाहरण म्हणजे कवी विल्यम कूपर. 1764 मध्ये, मनोविकाराच्या उपचारांसाठी सेंट ऑल्बन्समध्ये असताना, रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचून त्यांना क्षमेचा अनुभव आला. पुढे पाळक जॉन न्यूटन यांच्याबरोबर त्यांनी गीतं लिहिली, ती आजही गायली जातात. पण 1773 मध्ये पडलेल्या एका स्वप्नानंतर देवाने आपल्याला टाकलंय अशी त्यांची जी समजूत झाली, ती 1800 मध्ये मरेपर्यंत गेली नाही. ते पुन्हा चर्चमध्ये गेले नाहीत. त्यांचा आजार गंभीर होता, त्याचं खापर सिद्धांतावर फोडणं बरोबर नाही. तरी एक गोष्ट खरी, की तारण टिकतं ही शिकवण त्यांना पाठ होती आणि तिचा त्यांना काडीचा आधार झाला नाही.

असं होण्याचं कारण त्या शिकवणीच्या रचनेतच आहे. खरा विश्वासणारा कधीच तुटत नाही, असं एकदा म्हटलं की जो तुटला तो मुळात खरा नव्हताच असं म्हणावं लागतं. त्याला आधारही आहे: ते आपल्यातून निघाले तरी आपले नव्हते, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. मग भित्र्या मनाला 'माझं तारण जाईल का?' ही काळजी उरत नाही, पण 'माझं कधी झालंच नसेल तर?' ही नवी काळजी लागते. शंका मिटत नाही, फक्त एक पायरी मागे सरकते. म्हणून प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडवे कॅल्विनवादी, उपदेशक श्रोत्यांना स्वतःच्या जीवनात कृपेच्या खुणा शोधायला सांगत. हल्लीच्या सभांमधून 'एकदा तारण, कायमचं तारण' ही घोषणा ऐकून, हात वर करून प्रार्थना म्हटली की दोन्ही प्रश्न एका झटक्यात निकालात निघतात. हे ऐकून ते प्युरिटन हादरलेच असते, आणि मला त्यांचं हादरणं पटतं.

कॅथलिक शिकवण दोन्ही प्रश्नांना सावध उत्तर देते. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने 13 जानेवारी 1547 ला ठरवलं, की आपल्याला कृपा मिळाली आहे हे चुकीला जागाच नसलेल्या निश्चितीने कोणालाही कळत नाही, आणि शेवटपर्यंत टिकण्याचं दान मिळणारच असं खास प्रकटीकरणाशिवाय कोणी म्हणू नये. प्राणघातक पापाने कृपा जाते, प्रायश्चित्त संस्काराने (धर्मगुरूपुढे पाप कबूल करून) परत मिळते. याला निराशा समजणं चूक आहे, इथे आशा हा स्वतंत्र सद्गुण आहे. 1431 मध्ये फ्रान्समधल्या रूआँ इथे पाखंडाच्या खटल्यात जोन ऑफ आर्क या फ्रेंच वीरकन्येला विचारलं गेलं, तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला ठाऊक आहे का? 'हो' म्हणावं तर उद्धटपणा, 'नाही' म्हणावं तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली: नसेन तर देव मला तिथे ठेवो, असेन तर तिथेच राखो. एकाच वाक्यात तिने दोन्ही प्रश्न उचलले आणि दोन्ही देवावर सोपवले. वसईच्या कॅथलिक घरांतली रोजची प्रार्थनाही मरियेला 'आता' आणि 'मरणाच्या वेळी' असं दोन्ही वेळांसाठीच विनवते.

पंडिता रमाबाईंची साक्ष पहिल्या प्रश्नाची आहे. त्यांचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पण 1907 मध्ये त्यांनी लिहिलं, की ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. मधल्या काळात त्या तारलेल्या होत्या की नव्हत्या? कॅथलिक, वेस्लीवादी आणि कॅल्विनवादी याची तीन उत्तरं देतील.

म्हणूनच समोरचा कशाला घाबरला आहे, ते आधी विचारावं. 'माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही' हे योहान 10:28 उद्याच्या भीतीला उत्तर देतं. आपण त्या हातात आहोत का, याच धास्तीत असलेल्या माणसाला ते वचन दिलं तर तो आणखीच खचतो. त्याच्यासाठी 1 योहान 5:13 आहे, कारण ते पत्र विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन आपल्याला आहे हे कळावं म्हणूनच लिहिलं, असं तिथे म्हटलंय.