हॉकर हार्ट : लढाऊ विमानांना मागे टाकणारे द्विपंखी बॉम्बर

१९३० च्या सुमारास ब्रिटनच्या हवाई दलाच्या सरावांमध्ये एक विलक्षण अडचण उभी राहिली. हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या नव्या बॉम्बर विमानांना अडवण्याचे काम ज्या लढाऊ विमानांवर सोपवले होते, त्यांना ती बॉम्बर विमाने गाठताच येईनात. सेवेत असलेल्या सिस्किन या लढाऊ विमानाचा कमाल वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता आणि त्याच्यापेक्षा नव्या बुलडॉगचा सुमारे २८०. हॉकर कंपनीचे हार्ट मात्र जवळजवळ ३०० किलोमीटर वेगाने उडत होते. ते लाकडी सांगाड्याचे नव्हते एवढे सोडले तर त्याची ठेवण पहिल्या महायुद्धातल्या विमानांसारखीच होती. एकावर एक दोन पंख, त्यांच्यामध्ये उभे टेकू आणि ताणलेल्या तारा, कापडाचे आवरण आणि उघड्या बैठकीत बसलेले दोघे जण. मग हा वेग आला कुठून?

वेगवान उड्डाणात हवेचा अवरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या अवरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हार्टच्या आधीच्या पिढीतले डीएच-९ए हे बॉम्बर ४०० अश्वशक्तीच्या इंजिनावर ताशी सुमारे १९८ किलोमीटर वेग गाठत असे. हार्टच्या केस्ट्रेल इंजिनाची शक्ती ५२५ अश्वशक्ती होती. नुसती शक्ती एवढी वाढवली आणि विमानाचा आकार तोच ठेवला, तर वेग जेमतेम २१७ किलोमीटरपर्यंत जातो. उलट, त्याच जुन्या आकाराचे विमान हार्टच्या वेगाने उडवायचे म्हटले, तर साडेतेराशेच्या आसपास अश्वशक्ती लागली असती, आणि तशी इंजिने तेव्हा बॉम्बर विमानांसाठी उपलब्ध नव्हती. हार्टचे यश मुख्यतः अवरोध कमी करण्यात होते, हे या हिशेबातून स्पष्ट दिसते.

द्विपंखी रचनेत अवरोध कमी करणे सोपे नव्हते. दोन पंख, टेकू आणि तिरप्या तारा मिळून रेल्वेच्या लोखंडी पुलासारखी एक चौकट तयार होते, आणि त्यामुळे पातळ व हलके पंखही भार पेलू शकतात. पण त्याच तारा आणि टेकू हवेला अडवतात, शिवाय दोन्ही पंखांभोवतीचे प्रवाह एकमेकांत ढवळाढवळ करतात. डीएच-९एच्या प्रत्येक बाजूला टेकूंच्या दोन जोड्या होत्या. हार्टमध्ये प्रत्येक बाजूला एकच जोडी ठेवली, वरचा पंख खालच्यापेक्षा लांब आणि थोडा पुढे घेतला, आणि धडाचा पुढचा भाग निमुळता केला.

असा निमुळता भाग करता आला तो इंजिनामुळे, आणि त्या इंजिनाची कथा अमेरिकेत सुरू होते. कर्टिस कंपनीच्या डी-१२ इंजिनात सिलिंडर सुटे नसून अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव ठोकळ्यांत बसवलेले होते. त्यामुळे इंजिन अरुंद, दणकट आणि हलके झाले होते. ब्रिटिश विमान-उत्पादक रिचर्ड फेअरी यांनी ते इंजिन घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर फॉक्स हे बॉम्बर बनवले आणि १९२५ मध्ये ते उडाले, तेव्हा तत्कालीन लढाऊ विमानेही त्याच्यापुढे संथ ठरली. हवाई दलाने मात्र जेमतेम एका स्क्वाड्रनला पुरतील एवढीच फॉक्स विकत घेतली. परदेशी इंजिनावर विसंबून राहणे सरकारला मान्य नव्हते, म्हणून एक डी-१२ इंजिन अभ्यासासाठी रोल्स-रॉइसकडे देण्यात आले. तिथे ए. जे. रोलेज यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २१ लिटर क्षमतेचे बारा सिलिंडरचे इंजिन तयार झाले. तेच पुढे केस्ट्रेल नावाने ओळखले गेले. फेअरी यांनी दाखवून दिलेल्या वाटेचा खरा लाभ त्यांच्या प्रतिस्पर्धी हॉकर कंपनीला झाला, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

१९२६ मध्ये ब्रिटिश हवाई मंत्रालयाने दिवसा हल्ला करणाऱ्या हलक्या बॉम्बरची मागणी नोंदवली. वेग ताशी १६० मैल, म्हणजे सुमारे २५७ किलोमीटर असावा आणि सांगाडा धातूचा असावा, या त्यातल्या प्रमुख अटी होत्या. धातूचा आग्रह धरण्यामागे पहिल्या महायुद्धाचा अनुभव होता, कारण विमानांना लागणारे उत्तम प्रतीचे स्प्रूस लाकूड तेव्हा पुरेसे मिळेनासे झाले होते. हॉकरचे मुख्य अभिकल्पक सिडनी कॅम हे सुताराचे पुत्र होते आणि स्वतःही सुतारकाम शिकलेले होते. त्यांनी आणि फ्रेड सिग्रिस्ट यांनी धातूच्या सांगाड्याची जी पद्धत बसवली, ती मला या विमानाचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग वाटतो. गोल नळ्यांची टोके चौकोनी करायची, दोन्ही बाजूंनी सपाट पट्ट्या लावायच्या आणि बोल्टने किंवा रिव्हेटने त्या जखडायच्या. वेल्डिंग नसल्यामुळे सांध्याची मजबुती कारागिराच्या हातावर अवलंबून राहत नव्हती, आणि एखादी नळी वाकली तर तेवढीच काढून नवी बसवता येत होती.

जून १९२८ मध्ये जॉर्ज बुलमन यांनी हार्टचा पहिला नमुना उडवला. मार्टलशॅम हीथच्या चाचणी केंद्रात त्याची गाठ अ‍ॅव्ह्रो कंपनीच्या अँटिलोपशी पडली. दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचे एकाच जातीचे इंजिन होते. अँटिलोपच्या धडावर ड्युरालुमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे होते, म्हणजे पुढच्या काळातल्या विमानांच्या दिशेने त्याने एक पाऊल आधीच टाकले होते. तरीही निवड हार्टची झाली, कारण ते हाताळायला सुखद होते आणि त्याची देखभाल स्वस्तात होत होती. त्या काळच्या हवाई तळांवरची साधने पाहता हा निर्णय मला योग्य वाटतो. १९३० च्या आरंभी ईस्टचर्च येथील ३३ व्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली.

पंखांखाली सुमारे २३५ किलो बॉम्ब वाहून नेता येत. नेम धरण्यासाठी मागच्या सैनिकाला वैमानिकाच्या आसनाखाली पालथे झोपून विमानाच्या तळातल्या झरोक्यातून पाहावे लागे. इंजिनाचा रेडिएटरही गरजेनुसार धडाच्या खाली उतरवता किंवा आत ओढून घेता येत असे, म्हणजे थंडाव्याची गरज कमी असेल तेव्हा त्याचा अवरोधही कमी होई. बॉम्बरने निर्माण केलेल्या पेचावर उत्तर त्याच कंपनीला शोधावे लागले. १९३१ मध्ये आलेले कॅम यांचेच फ्युरी हे लढाऊ विमान ताशी २०० मैलांच्या पुढे गेले, आणि खुद्द हार्टचे रूपांतर करून डीमन हे दोन आसनी लढाऊ विमान बनवण्यात आले. ऑडॅक्स, ऑस्प्रे, हार्डी आणि हाइंड हीदेखील त्याच घराण्यातली विमाने.

भारताशी हार्टचा संबंध मात्र दुःखद आहे. १९३१ पासून रिसालपूरच्या ३९ व्या आणि त्यानंतर ११ व्या स्क्वाड्रनला उष्ण हवामानासाठी बदललेली हार्ट विमाने देण्यात आली. वायव्य सरहद्दीवरच्या पठाण टोळ्यांना धाक बसवण्यासाठी ब्रिटिश सत्ता तेव्हा हवाई हल्ल्यांचा वापर करीत होती. ज्यांच्याकडे एकही विमान नव्हते त्यांच्या वस्त्यांवर हे यंत्र वापरले गेले, ही गोष्ट त्याच्या कौशल्यपूर्ण रचनेचे वर्णन करतानाही नजरेआड करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनीही हार्ट आणि ऑडॅक्स विमाने वापरली. अफगाणिस्तानने १९३८ पासून घेतलेल्या हाइंड विमानांपैकी एक पुढे इंग्लंडला परत गेले आणि ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात ते उडत्या स्थितीत जतन केलेले आहे.

द्विपंखी रचनेतून आणखी वेग काढणे कठीण होत चालले, तेव्हा कॅम यांनी फ्युरीवर आधारित एकपंखी विमानाचा आराखडा हाती घेतला. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी उडालेल्या त्या हरिकेनमध्ये केस्ट्रेलच्या अनुभवातून घडलेले मर्लिन इंजिन होते. धड मात्र हार्टच्याच पद्धतीने नळ्या आणि पट्ट्या जोडून बांधलेले होते आणि त्याच्या मागच्या भागावर कापडच होते. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत गोळ्यांनी भोके पडलेली हरिकेन विमाने कापड शिवून, नळ्या बदलून पुन्हा उडवता येत होती, आणि पत्र्याच्या धडाच्या स्पिटफायरची तशी दुरुस्ती करायला तुलनेने जास्त वेळ लागत होता.