जीनोमच्या परिषदा आणि कोरगुटाची अक्षरं

गोव्यात जीनोम, म्हणजे सजीवाची संपूर्ण जनुकीय माहिती, या विषयाच्या संशोधनाची परिषद म्हटली की बाहेरच्या माणसाला ती यंत्रांची आणि संगणकांची गोष्ट वाटते. पण या शास्त्राचा इतिहास चाळला तर त्याच्या वाटा बऱ्याचदा सभागृहात ठरलेल्या दिसतात. आणि तिथला वाद फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतो: वाचलेली अक्षरं कुणाची?

अक्षरं म्हणजे डीएनएतली ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका पेशीतल्या जीनोमच्या एका संचात ती सुमारे ३०० कोटी भरतात. ती सगळी वाचून काढावीत, हा विचार १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट सिन्शायमर यांनी बोलावलेल्या बैठकीत गांभीर्याने चर्चिला गेला. तिथे जमलेल्यांचंही एकमत नव्हतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या सभेत शास्त्रज्ञ वॉल्टर गिल्बर्ट यांनी तीनशे कोटी डॉलर खर्चाचा आकडा मांडला, तेव्हा लहान प्रयोगशाळांचा पैसा हे काम गिळेल अशी भीती अनेकांनी उघड बोलून दाखवली. तरीही १९९० मध्ये मानवी जीनोम प्रकल्प सुरू झाला.

माझ्या मते यातली सर्वात मोलाची बैठक फेब्रुवारी १९९६ मधली, बर्म्युडा बेटावरची. प्रकल्पातले शास्त्रज्ञ जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन यांच्या पुढाकाराने तिथे ठरलं, की वाचलेला अक्षरांचा क्रम शक्यतो २४ तासांत सर्वांसाठी खुला करायचा. लेख छापून येईपर्यंत तो दाबून ठेवायचा नाही. दोनच वर्षांनी क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही खासगी कंपनी त्याच शर्यतीत उतरली, आणि बर्म्युडाचा निर्णय किती वेळेवर झाला होता ते सगळ्यांना कळलं. २६ जून २००० रोजी कच्चा आराखडा जाहीर झाला, २००३ मध्ये काम संपल्याची घोषणा झाली. काही अवघड तुकडे मात्र थेट २०२२ पर्यंत वाचायचे राहिले होते.

त्या प्रकल्पाच्या सहा देशांत भारत नव्हता. भाताच्या जीनोममध्ये होता. आंतरराष्ट्रीय प्रकल्पात अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचं काम दिल्लीतल्या संशोधकांनी केलं आणि २००५ मध्ये तो जीनोम प्रसिद्ध झाला. माणसांच्या बाबतीत दिल्लीच्याच आयजीआयबी या जीनोमशास्त्राच्या संस्थेने २००९ मध्ये एका भारतीयाचा संपूर्ण जीनोम वाचला, २०१९ मध्ये हजारावर भारतीयांचे. पुढे देशातल्या अनेक संस्थांच्या जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजारांचे वाचले गेले. त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. आपल्या रोगांची औषधं परक्यांच्या अक्षरांवरून बेतायची नसतील, तर हे व्हायलाच हवं होतं.

गोव्याची माणसंही या वाचनात आली आहेत. २०२१ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेच्या संशोधकांनी सहभागी होऊन गोवा, कुमठा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं नातं बव्हंशी गौड सारस्वतांच्या जुन्या धाग्याशी जुळलं. धर्म बदलूनही मूळ गावच्या देवीला न विसरलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्या गोवेकरांना यात नवल वाटलं नसेल. त्याच वर्षी दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची 'सिंधू साधना' ही नौका हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांचे जीनोम वाचण्यासाठी नमुने गोळा करायला निघाली.

पण गोव्यातल्या परिषदेत मला सर्वात आधी आठवतो तो कोरगुट. आपल्या खाजन जमिनी भरतीच्या पातळीच्या खाली. बाहेर बांध, बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मानशीची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. मृगाच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की पेरणी. तरीही खारटपणा उरतोच, आणि तो सोसणारं भात म्हणजे कोरगुट. ही निवड कुठल्या प्रयोगशाळेने केलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी तग धरलेल्या लोंब्या बियाण्याला ठेवल्या, तेवढंच. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून शुद्ध वाण निवडून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' दिले. केरळच्या पोक्कळी भातातला क्षार सोसण्याचा जनुकीय तुकडा तर आज जगभरच्या भातपैदाशीत वापरला जातो.

इथे जुनी आठवण निघणारच. १५६३ मध्ये पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा हिंदुस्थानातल्या औषधींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. चारच वर्षांत त्याचा लॅटिन अवतार निघाला आणि तो युरोपभर गेला. इथल्या वैद्यांनी, मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी सांगितलेलं त्यात पानोपानी आहे, पण नाव ग्रंथकाराचं राहिलं.

आता बियाणं उचलून न्यायचीही गरज नसते. क्रम एकदा खुल्या संग्रहात गेला की कुठूनही उतरवता येतो, आणि बर्म्युडाच्या उदार नियमाची दुसरी बाजू तीच. भारताचा जैवविविधता कायदा २००२ चा, जैविक संपत्तीच्या फायद्यात वाटा देण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१० चा. दोन्ही बेतले गेले ते मुख्यतः हातात धरता येणाऱ्या नमुन्यांसाठी. संगणकातल्या अक्षरांच्या वापरातून फायदा झाला तर त्यातला वाटा मूळ जपणाऱ्यांना द्यावा, हे तत्त्व जगाने २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत मान्य केलं. त्यासाठीचा निधी २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात ठरला. त्यात कंपन्यांनी भरायची रक्कम मात्र ऐच्छिक आहे.

तोवर गोव्यात बांध फुटतात, खाजनं पाण्याखाली पडून राहतात, आणि जिथे पेरणीच थांबते तिथे कोरगुटाचं बियाणंही संपतं. म्हणून जीनोमच्या परिषदेत एक सत्र खाजनातल्या शेतकऱ्यांबरोबर व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते मराठी-कोकणीत व्हावं.